रिकाम्या खुर्चीच्या वतीने दोन शब्द

शनिवार, चोवीस ऑक्टोबर दोन हजार नऊ. स्थळ: हॅमिल्टन, हॉस्पिटलमधली तुझी खोली. एकूण खर्च चव्वेचाळीस डॉलर. त्यात फुलं, पेढे आणि पार्किंग. उपस्थित: तू, मंगलवहिनी, तुमची रुचा, मिलिंद, नंदा आणि मी. सत्कारमूर्ती नेहमीप्रमाणे गैरहजर.

विलास, अहवालाची ही सुरुवात तूच लावून दिलेली. "आधी तारीख, खर्च अन् हजेरी सांग, मंग तुले काय रडायचं ते रड," असं म्हणायचास. तुला जाऊन तीन आठवडे झाले. जेवण झालं की मी टेबलाशी बसतो, एवढ्या ओळी लिहितो आणि पुढे काही सुचत नाही. मंडळाच्या अंकाला लेख द्यायचा आहे, संपादकांचे फोन येऊन गेले. नंदा म्हणाली, "त्यांच्याशी बोलायचास तसं लिही." तुझ्याशी मी काय बोलायचो? बेसबॉलच्या संघांनी कुणाला काढलं, कुणाला घेतलं, आणि ते बरोबर होतं का, हेच बोलायचो. मग तेच लिहितो. वाचणाऱ्यांना या खेळाची माहिती असेलच असं नाही, त्यामुळे तुला पाठ असलेल्या गोष्टीही मधेमधे सांगाव्या लागतील. चिडू नकोस.

टोरांटोच्या संघाने कुणाला घरी पाठवलं की सीझन संपल्यावर रिचमंड हिलला तुझ्या बेसमेंटमध्ये त्या माणसाचा निरोप समारंभ व्हायचा. फर्नेसच्या खोलीसमोर एक घडीची खुर्ची मांडलेली. तिच्या पाठीवर मंगलवहिनींची नागपूरहून आणलेली शाल. मिलिंदकडे सूत्रसंचालन, माझ्याकडे अहवालवाचन, आणि खुर्ची रिकामी असल्यामुळे सत्काराला उत्तर तिच्या वतीने तू द्यायचास. नंतर वहिनींचा सावजी रस्सा आणि भात. नंदाला तो रस्सा सोसायचा नाही, पण ती दर वेळी खायची आणि दर वेळी पुढचे दोन दिवस मला बोलायची.

पहिला समारंभ दोन हजार चारच्या ऑक्टोबरातला. त्या वर्षी आपल्या मॅनेजरला भर उन्हाळ्यातच काढलं होतं. आणि मॉन्ट्रियलचा तुझा जुना संघ तर अख्खा उचलून अमेरिकेत न्यायचं जाहीर झालं होतं. तू बरेच दिवस फोन केला नाहीस. मग एका गुरुवारी केलास.

"शनिवारी ये. कार्यक्रम आहे."

"कसला?"

"निरोप समारंभ."

"कोण रिटायर होतंय?"

"कोणी नाही बे. तो मॅनेजर. त्याले काढलं अन् कोणी साधा चहा नाही पाजला. बरं नाही दिसत."

मला वाटलं, चेष्टा आहे. आलो तर खुर्ची, शाल, वर कागदाची पताका. मिलिंद तेव्हा नुकताच मुंबईहून आलेला, बिनलग्नाचा, त्याने चायनीज दुकानातून नारळ आणला होता. तू तो हातात घेऊन हलवून बघितलास आणि वहिनींकडे दिलास. "याची चटणी कर. आमच्याकडे सत्काराले पुस्तक देतात." पुस्तक म्हणून रुचाचं लहानपणचं, जपून ठेवलेलं पहिलीचं मराठीचं पुस्तक खुर्चीवर ठेवलंस. "साहेबांना आता वेळच वेळ आहे. शिकतील."

मी अहवाल वाचला: किती सामने जिंकले, किती हरले, एका धावेने हरले ते किती. तू मान डोलावत होतास. मग उठलास, शाल खांद्यावर घेतलीस, आणि बोललास. काय बोललास ते मी लिहून ठेवलं नाही. ते अहवालात बसत नव्हतं. पण तू पायऱ्यांवर बसलेल्या वहिनींकडे बघून, "माझ्या यशात माझ्या पत्नीचा वाटा आहे, माझ्या अपयशात पिचरांचा," असं म्हणालास आणि आम्ही हसून हसून बेजार झालो. शेवटी मात्र आवाज उतरला. "मला कोणी सांगितलं असतं, की आज शेवटचा दिवस आहे, तर मी जरा वेळ मैदानात थांबलो असतो. एवढंच." आणि बसलास. मिलिंद टाळ्या वाजवायला लागला आणि थांबला.

तुझी मॉन्ट्रियलची गोष्ट मला तोपर्यंत माहीत होती. नागपूरहून आलास, विमानाचे भाग बनवणाऱ्या कंपनीत लागलास, फ्रेंच येत नव्हतं. ते तू रेडिओवरच्या बेसबॉलच्या कॉमेंट्रीवरून शिकलास. त्यामुळे "डाव्या बाजूच्या कोपऱ्यात उंच उडालेला चेंडू" हे तुला अस्सल मॉन्ट्रियलच्या ढंगात म्हणता यायचं, पण दुकानात कोथिंबीर मागता यायची नाही. त्या प्रचंड काँक्रीटच्या स्टेडियममध्ये चौदा-पंधरा वर्षं तू वरच्या स्वस्त जागांवर बसलास. मग, तुम्ही इकडे टोरांटोला यायच्या आधी, कंपनीने माणसं कमी केली. तुला सकाळी एका खोलीत बोलावलं, गळ्यातला बॅज काढून घेतला, आणि गार्ड तुझ्याबरोबर गाडीपर्यंत आला. टेबलावरचं सामान नंतर कुरियरने आलं. हे तू नेहमी गंमत म्हणून सांगायचास. "डबा खोलला तर माझा स्टेपलर होता अन् बाजूच्याचा फॅमिली फोटो. त्याच्या बायकोले मी अजूनही ओळखतो."

मी एकदा विचारलं होतं, हे समारंभ त्या बॅजच्या दिवसासाठी चालतात का. "नाही ना बे," म्हणालास. "एवढा कशाले विचार करतो तू?" मला अजून माहीत नाही. आता विचारताही येत नाही.

आपलं भांडण एकच होतं, आणि ते पाच वर्षं चाललं. माझं म्हणणं, मॅनेजर कोण आहे याने फार फरक पडत नाही. सीझनमध्ये एकशे बासष्ट सामने. बॉल टाकणारे पिचर तेच, मारणारे तेच. मॅनेजर बदलून जिंकलेल्या सामन्यांत मोठा फरक पडलेला मला तरी कुठल्या आकड्यात दिसला नव्हता. मी विम्याच्या ऑफिसात आकडे बघतो. दिसत नाही ते मला आहे म्हणता येत नाही. तुझं म्हणणं, माणसाने फरक पडतो.

"म्हणजे किती?"

"किती कायचं? पडते."

"मग दाखव कुठे."

"तू लग्नाच्या आधी अन् नंतर किती जेवला, त्याचे आकडे आहेत का तुझ्याकडे? नाही ना? मंग नंदावहिनीले सांग, का तू आली तरी काही फरक नाही पडला. सांग. मी इथंच उभा आहो."

नंदा वरून ओरडली, "मी ऐकतेय!"

असं दर हिवाळ्यात. इथे नोव्हेंबरात सहा वाजायच्या आत अंधार होतो, ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हल करून पाठ भरून येते, आणि एप्रिलपर्यंत सामना नाही. तेवढ्या महिन्यांत आपल्याला बोलायला दुसऱ्या संघांतले मॅनेजर, जनरल मॅनेजर, त्यांचे मदतनीस, झाडून सगळे पुरायचे. कुणाला कुठे नोकरी लागली, कुणाची गेली, हे आपल्याला आपल्या सख्ख्या नातेवाइकांपेक्षा जास्त माहीत होतं. आणि आपण काय ठरवतो याला टोरांटोच्या त्या ऑफिसात कवडीची किंमत नव्हती. एकदा तू पत्र पाठवलंस, मॅनेजरला आणखी एक वर्ष द्या म्हणून. उत्तर म्हणून त्यांनी सीझन तिकिटांचं माहितीपत्रक पाठवलं. ते तू फ्रिजवर लावलंस.

यंदा जुलैत तुझं पोट दुखायला लागलं. ऑगस्टमध्ये निदान झालं, स्वादुपिंडाचा कॅन्सर. तू मला फोनवर इंग्रजीत सांगितलंस. आपण एकमेकांशी इंग्रजीत कधी बोललो नव्हतो. मी "ओके, ओके" म्हणत राहिलो. फोन ठेवल्यावर नंदाने विचारलं, "काय म्हणतात?" आणि मला मराठी शब्द चटकन आठवला नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संघाने जनरल मॅनेजरला काढलं. तुझा शेवटचा बेसमेंटमधला समारंभ तो. खाली उतरताना तू दर दोन पायऱ्यांनंतर थांबत होतास. रस्सा तुला चालत नव्हता, म्हणून वहिनींनी सगळ्यांनाच मुगाची खिचडी केली होती.

"मला एक सांगा भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "एका टीमला दोन-दोन मॅनेजर कशाला लागतात?"

मी सांगायला लागलो, मॅनेजर म्हणजे मैदानाच्या कडेला उभा राहून आज कोण खेळणार, कधी पिचर बदलायचा हे ठरवणारा. जनरल मॅनेजर ऑफिसात बसतो, खेळाडू घेतो, विकतो, करार करतो. तू म्हणालास, "सोपं सांगू? जनरल मॅनेजर भाजी आणते, मॅनेजर शिजवते. जेवण बिघडलं की घरवाले आधी शिजवणाऱ्याले हाकलतात. मंग दोन-तीन शिजवणारे हाकलून झाले की कोणाच्या तरी ध्यानात येते, भाजीच सडकी होती."

"म्हणजे आता भाजीवाल्याला काढलं."

"हाव."

"आणि शिजवणारा?"

"त्याचंच तर पाहायचं आहे."

त्यानंतरच्या आठवड्यात तुझं दुखणं आवरेना. रुचा हॅमिल्टनला कामाला, म्हणून तिथल्याच हॉस्पिटलमध्ये तुला नेलं. मी ऑफिसातून लवकर निघून येत असे. आलो की तुझा पहिला प्रश्न ठरलेला: "काही अनाउन्स झालं का?" मॅनेजरचं काहीच ठरत नव्हतं. नवीन आलेला जनरल मॅनेजर तरुण होता, तो म्हणे सगळ्यांशी बोलतो आहे, विचार करतो आहे. पेपरात रोज तेच. तुझ्या डॉक्टरीणबाईही सकाळी येऊन रिपोर्टची वाट बघू म्हणायच्या. त्या चांगल्या होत्या, खोटं बोलत नव्हत्या. त्यांनाही ठाऊक नसावं. नंतर त्यांची ड्यूटी बदलली आणि दुसरे आले. त्यांना वहिनींनी सगळं पहिल्यापासून सांगितलं.

एका संध्याकाळी वहिनी रुचाच्या घरी गेल्या होत्या. तू खिडकीकडे बघत म्हणालास, "सुहास, तुझ्या ऑफिसात टेबलं असतात ना? किती वयाचा, कोणता आजार, किती दिवस?"

"असतात."

"मंग पाहिलं असन तू."

मी पाहिलं होतं. निदान झालं त्याच दिवशी पाहिलं होतं. म्हणालो, "विलास, ते टेबल दहा हजार माणसांचं असतं. एका माणसाबद्दल त्यातून काही सांगता येत नाही."

तू मान वळवलीस. तुझ्या तोंडावर ते हसू आलं, वादात माझा पाय सापडला की यायचं ते.

"काय म्हणाला? परत म्हण."

"एका माणसाबद्दल सांगता येत नाही."

"पाच वर्षं मी काय सांगून राहिलो बे तुले?"

यावर माझ्याकडे उत्तर आहे, विलास. मॅनेजरचा प्रश्न वेगळा आहे, तिथे तुलना करायला दर वर्षीचे तीस संघ असतात. हे उत्तर मला गाडी चालवत घरी येताना सुचलं, आणि दुसऱ्या दिवशी द्यायचं असं मी ठरवलंही होतं. दुसऱ्या दिवशी तुला बोलवत नव्हतं. ते उत्तर माझ्याकडेच राहिलं आहे. बरोबर आहे, आणि त्याचा काही उपयोग नाही.

मग तो शनिवार. मिलिंद सकाळीच फोनवर: "सुहासदा, कन्फर्म झालं! मॅनेजर गेला. सोमवारी अनाउन्समेंट आहे. फोरमवर सगळे तेच म्हणतायत." मी म्हणालो, सोमवारपर्यंत थांबू. नियम तुझाच होता, संघाने अधिकृत जाहीर केल्याशिवाय समारंभ नाही. मिलिंदने तुलाच फोन लावला. अर्ध्या तासाने तुझा मला फोन.

"शाल घेऊन ये. मंगलनं कपाटात ठेवली असन, चावी शेजाऱ्याकडे आहे."

"अरे पण अजून जाहीर नाही. तुझाच नियम."

"हाव, माझाच. पण मले घाई आहे बे."

मी नंदाला म्हणालो, चल. वाटेत फुलं आणि पेढे घेतले.

हॉस्पिटलमधल्या पाहुण्यांच्या खुर्चीवर शाल घातली. मिलिंदने सूत्रसंचालन हळू आवाजात केलं, कारण पडद्यापलीकडे एक म्हातारे गृहस्थ झोपले होते. मी अहवाल वाचला. तू डोळे मिटून ऐकलंस आणि एका ठिकाणी म्हणालास, "सप्टेंबर वाचला नाही तू." खरोखर एक ओळ गळली होती. मी ती वाचली.

मग मिलिंद म्हणाला, "आता सत्कारमूर्तींच्या वतीने," आणि तुझ्याकडे वळला. तू माझ्याकडे बोट केलंस.

"या वेळी तो बोलंल."

"मी? माझं काम अहवालाचं."

"अहवाल झाला. आता उभा राह. त्या माणसाले काय वाटत असन ते सांग."

मी उभा राहिलो. "आदरणीय अध्यक्ष, उपस्थित बंधुभगिनींनो," इथपर्यंत आलं. खुर्चीकडे बघितलं. रुचा भिंतीला टेकून उभी होती. वहिनी तुझ्या पायांवरचं पांघरूण सारखं करत होत्या, ते सारखंच होतं. मी म्हणालो, "या मॅनेजरने आपल्या संघासाठी एकंदर—"

"आकडे नको."

"मग मला काही बोलता येणार नाही, विलास."

"प्रयत्न तर कर."

मी केला. खरंच केला. मला एवढंच कळत होतं, की मॅनेजरचं ऐकायला कुणीच थांबलेलं नाही, तूही नाहीस, आणि जे बोलायला हवं त्याचा पहिला शब्द माझ्याकडे नाही. तोंड उघडलं की फक्त आकडेच येतील अशी भीती वाटली.

"बरं," तू म्हणालास. "मंग नुसता उभा राह थोडा."

मी नुसता उभा राहिलो. तेवढ्यात नर्स आत आली, फुलं बघून म्हणाली, "ओह, इज इट अ बर्थडे?" तू म्हणालास, "नो, नो. रिटायरमेंट." तिने तुझं अभिनंदन केलं, पेढा घेतला, आणि सलाइनची बाटली बदलली.

सोमवारी काहीच जाहीर झालं नाही. आठवड्याच्या शेवटी झालं: मॅनेजर आणखी एक वर्ष राहणार. मिलिंदने मला सांगायच्या आत तुझाच फोन आला. हसताना तुला खोकला येत होता आणि मागून वहिनी "अहो, पुरे" म्हणत होत्या.

"चुकलो बे आपण! जित्याजागत्या माणसाले शाल घालून बसलो! तो तिकडं मजेत आहे!"

मागून रुचाचा आवाज आला, "बाबा, इट्स अ साइन. टेल काका इट्स अ साइन."

"ऐकलं का? हिचं म्हणणं, आता मीही एक वर्ष राहीन. माझाही काँट्रॅक्ट वाढवला म्हणते."

"मग राहा."

"राहतो ना. अन् ऐक, तुझं भाषण उधार आहे. पुढच्या ऑक्टोबरात देजो. तो जाईनच पुढच्या वर्षी, जाऊन जाऊन जाईल कुठं."

मी साइन वगैरे मानत नाही. तुला ठाऊक आहे. तरी त्या रात्री मी नंदाला म्हणालो, त्याचा आवाज आज मोठा होता. वहिनींनी रिचमंड हिलच्या घरात तुझ्यासाठी खालच्या मजल्यावर पलंग लावायची चौकशी केली. रुचाने कामावरून घेतलेली सुट्टी रद्द केली. मिलिंदने एप्रिलमधल्या पहिल्या घरच्या सामन्याची तिकिटं कधी मिळतील ते बघून ठेवलं. आम्ही सगळे शिकलेले लोक, विलास. एका संघाने एका मॅनेजरचा करार वाढवला, आणि आम्ही सगळ्यांनी त्यावर घर बांधलं.

नोव्हेंबरात, सकाळी, मी ऑफिसात होतो. रुचाचा फोन आला. ती फक्त "काका" म्हणाली, आणि नंतर इंग्रजीत काही बोलली नाही, मराठीतही नाही.

फ्युनरल होममध्ये तुमच्या असोसिएशनची मंडळी आली होती. पांढरे कपडे, त्रिशरण-पंचशील झालं. बाहेर हलका बर्फ पडत होता, आणि दोघातिघांच्या गाड्यांना अजून विंटर टायर लावलेले नव्हते, त्याची चर्चा दाराशी चालली होती. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बोललो. काय बोललो ते आठवत नाही. नंदा म्हणाली, चांगलं बोललास. माझा त्यावर विश्वास नाही, कारण ती परत येताना गाडीत रडत होती, आणि अशा वेळी ती खरं बोलत नाही.

तुला सांगायच्या बातम्या साठल्या आहेत. या आठवड्यात सगळ्या संघांचे मॅनेजर आणि जनरल मॅनेजर एका हॉटेलात जमलेत, त्यांच्या दर हिवाळ्याच्या बैठका चालू आहेत. आपला मोठा पिचर विकणार म्हणतात. तरुण जनरल मॅनेजर फार बोलत नाही. तू असतास तर म्हणाला असतास, बोलत नाही म्हणजे हुशार आहे. मी म्हणालो असतो, बोलत नाही म्हणजे बोलत नाही, एवढंच. मिलिंदने परवा फोन करून विचारलं, "काय वाटतं, सुहासदा?" मी म्हणालो, आकडे बघून सांगतो. आकडे मी अजून बघितलेले नाहीत. कधी नव्हे ते बघावेसे वाटत नाहीत.

मंगलवहिनी परत रिचमंड हिलला आल्या. रुचा नको म्हणत होती. "मी माझ्या घरात राहणार," म्हणाल्या. रविवारी मी आणि नंदा गेलो. चहा झाल्यावर वहिनींनी कागदांची पिशवी पुढे केली. फोन, गॅस, विमा. बहुतेक कामं मी तिथेच बसून उरकली, त्यात मला अडचण नव्हती. शेवटी म्हणाल्या, "भाऊजी, तेवढं ते बेसबॉलचं पॅकेज बंद करून टाका. फुकट चालू राहायचं. मला काय कळतंय त्यातलं?"

मी केबल कंपनीला फोन लावला. खूप वेळ संगीत वाजलं. मग एक मुलगी आली, आवाजावरून विशीतली. "मे आय स्पीक टु द अकाउंट होल्डर?"

मी म्हणालो, ते उपलब्ध नाहीत.

"व्हेन वुड बी अ गुड टाइम टु रीच हिम?"

वहिनी समोरच बसल्या होत्या. फोन स्पीकरवर होता. मुलगी म्हणाली, "सर?" वहिनींनी पुढे वाकून फोनमध्ये सांगितलं, "ही डाइड." त्यांच्या इंग्रजीत तो शब्द अगदी स्वच्छ आला.

मुलीने सॉरी म्हटलं. खातं बंद करायला सर्टिफिकेट लागेल, पण पॅकेज मी आत्ताही काढू शकते, म्हणाली. काढू का? तिच्यासमोर पडद्यावर सगळं दिसत असावं. म्हणाली, हे तुमच्याकडे सहा सीझन आहे, एकही चुकलेला नाही. मग परत विचारलं: काढू का, सर?

मला फक्त हो म्हणायचं होतं.

"वन मिनिट," मी म्हणालो. ती थांबली. नंदा माझ्याकडे बघत होती. वहिनी कपबशा उचलायला उठल्या, आणि उचलल्या नाहीत.

मी मुलीला विचारलं, पुढच्या सीझनचे किती?

फोन ठेवल्यावर वहिनी म्हणाल्या, "बंद झालं?"

"नाही वहिनी."

"का हो?"

"जमलं नाही मला."

त्यांनी त्या काळ्या टीव्हीकडे बघितलं. "मग एप्रिलात तुम्हीच येऊन लावा," म्हणाल्या. "मला तो रिमोट चालवता येत नाही. आणि कोण कोण आहे ते सांगा. तो शिजवणारा आहे ना अजून?"

"आहे. एक वर्ष आहे."

पुढच्या पूर्ण सीझनचे एकशे एकोणऐंशी डॉलर, अधिक टॅक्स, माझ्या कार्डावरून केबल कंपनीला भरले. पावती तुझ्या नावाने आली.